पिस्ता रंगाचे दोन केक

मला मुलगा झाला की मुलगी, हे मी यात कुठेही सांगणार नाही. ज्यांना तेवढंच जाणून घ्यायचंय त्यांनी इथेच थांबावं आणि चहा ठेवावा. नाशकात अशा लोकांना तोटा नाही. सातव्या महिन्यात मी रिक्षात बसले की रिक्षावाला आरशातून पोट बघून सांगायचा, ‘मॅडम, मुलगाच आहे.’ भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीबरोबर स्वतःचं निदान फुकट द्यायची. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, पुरावा कशाला म्हणतात ते मला थोडंफार कळतं. पण पोट पुढे आलं की बाईची अक्कल मागे पडते, अशी आपल्याकडे सगळ्यांचीच खात्री असते.

तर हे सगळं घडलं ते आमच्या बिल्डिंगसमोरच्या केकच्या दुकानामुळे. आधी त्या गाळ्यात झेरॉक्सवाला होता. बरा होता बिचारा. कागद द्यायचा, तसाच्या तसा कागद परत मिळायचा. त्याच्या जागी केकवाली आली आणि तसंच्या तसं काही मिळायचे दिवस संपले. तिच्या ब्लॅक फॉरेस्टवर चेरीच्या जागी पिंपळगावची काळी द्राक्षं. पेरूचा चीजकेक, वर तिखटमीठ भुरभुरलेलं. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या पिठाचा चॉकलेट केक. गुलकंदाचा रोल. दिवाळीत तर तिने कहर केला, पाइनॅपल केकच्या दोन थरांमध्ये चिवडा घातला. चिवडा! मी वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभी राहून घसा कोरडा करतेय की दोन पदार्थ एकत्र ढकलले म्हणजे संयुग होत नाही, नुसतं मिश्रण होतं. आणि माझ्या खिडकीसमोर ही बाई रंगीत खडूने पाटीवर लिहिते, ‘आजचा खास फ्लेवर’.

ती मखमलाबादकडची. घरचा गुलाबाचा, मोगऱ्याचा आणि झेंडूचा मळा, सासरा फूलबाजारात माल घालणारा. लग्नानंतर कुठल्याशा क्लासला जाऊन केक शिकली आणि शिकवलेलं सोडून भलतंच करायला लागली. पस्तिशीची असेल. डोक्याला जाळी, मनगटापर्यंत क्रीम, आणि बोलणं असं की आपण तिच्या माहेरचेच. मी एकदा तिला तोंडावर म्हणाले, ‘चिवडा खायचा तर माणूस चिवडा खाईल, केक खायचा तर केक. दोघांचं वाटोळं कशाला करता?’ ती हसली. ‘ताई, खाऊन तर बघा.’ मी नाही खाल्ला. तिच्या नाकावर टिच्चून साधा व्हॅनिला घेतला. तोही तिने इतक्या आनंदाने बांधून दिला की माझा सगळा टोमणा वाया गेला.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिची शाळेची व्हॅन त्या दुकानासमोर थांबायची आणि मला कॉलेजातून यायला अर्धा तास उशीर व्हायचा. सासूबाई माझ्या पाचव्या महिन्यापासून कळवणहून आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या, पण ती वेळ त्यांच्या मालिकेची. मालिकेतली सून रोज रडायची, ते बघण्यापुढे नातीला रस्ता ओलांडून आणण्याला किंमत नव्हती. त्यामुळे मुलगी दुकानातल्या उंच स्टुलावर पाय हलवत बसायची. केकवालीला ती मावशी म्हणायची. मी घ्यायला गेले की हिच्या ओठांवर क्रीम आणि तिच्या ओठांवर हिच्या शाळेतल्या सगळ्या बातम्या. मला ते आवडायचं नाही. माझ्या पोरीचं माझ्याआधी कोणालातरी सगळं ठाऊक असायचं, म्हणून आवडायचं नाही. हे आत्ता कबूल करते, तेव्हा मी साखरेचं कारण सांगायचे.

आता डोहाळजेवणाचं सांगते. मुलीच्या वेळचं डोहाळजेवण कळवणला झालं होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, सगळं यथासांग. शेवटी दोन वाट्या झाकून पुढे ठेवतात. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. आपण एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी जी वाटी उघडली तिच्यात बर्फी होती. सासूबाई ‘आमटी बघते’ म्हणून स्वयंपाकघरात गेल्या आणि पंगती उठेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

हा किस्सा आमच्या घरात विनोद म्हणून सांगतात. लग्नात सांगतात, बारशात सांगतात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे जमले की हमखास सांगतात. कोणी सुरुवात केली की माझी मुलगीच धावत येऊन शेवट करायची, ‘मग आजी आमटी बघायला गेली!’ सगळे पोट धरून हसायचे, तीही हसायची. सासूबाई पदर तोंडाला लावायच्या आणि म्हणायच्या, ‘काय करता, आमटी लागली असती ना खाली.’ मीही हसायचे. त्यात माझा एक फायदा होता. त्या हसण्यात सासूबाईंचं मागासलेपण आणि माझं मोठं मन, दोन्ही पाहुण्यांसमोर आपोआप मांडलं जायचं.

दुसऱ्या वेळी कोणी डोहाळजेवण करत नाही. पहिलटकरणीचं कौतुक असतं ते. पण सासूबाई सातवा लागल्या लागल्या म्हणाल्या, ‘पहिलं काय मनासारखं झालं नाय. औंदा नीट करू.’ नीट म्हणजे काय, ते न कळण्याइतकी मी बावळट नाही. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, ‘जाऊ दे ना, तिची हौस आहे.’ हे त्याचं आवडतं वाक्य. माझ्या नवऱ्याने आयुष्यात इतक्या गोष्टी जाऊ दिल्या आहेत की त्याला आता थांबवता म्हणून काही येत नाही.

आणि वाट्या नकोत, केक हवेत! सटाण्याच्या भाचीकडे सासूबाईंनी तसं बघितलं होतं. वरून अगदी सारखे दिसणारे दोन छोटे केक, एकाच्या पोटात पेढा, एकाच्या पोटात बर्फी. बाईने एक निवडून कापायचा. केकला अंडं लागतं म्हणून जी बाई माझ्या घरातली सुरीसुद्धा वेगळी ठेवायची, ती स्वतः रस्ता ओलांडून केकच्या दुकानात गेली. तेही मालिकेच्या वेळात. बिनअंड्याचे, साडीला शोभतील असे पिस्ता रंगाचे दोन केक सांगून आली. घरी येऊन म्हणाली, ‘बाई चांगली हाय गं. आपल्या शेतकऱ्यातलीच हाय.’ एका फेरीत केक शाकाहारी झाला आणि केकवाली नात्यातली झाली.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मी मुलीला घ्यायला दुकानात गेले. केकवालीने तिला मागे हात धुवायला पाठवलं आणि माझ्यापुढे स्टूल सरकवलं.

‘ताई, बसा जरा.’

‘वेळ नाही मला.’

‘बसाच.’ तिने आवाज खाली आणला. ‘तुमच्या सासूबाई काल परत आल्या होत्या. दोन्ही केकांत पेढाच घाल म्हणल्या.’

‘दोन्हीत?’

‘हा. बर्फी नकोच म्हणल्या. कुणाला बोलू नको म्हणल्या. पण मला काय राहवेना.’

मला हसू फुटलं. चांगलं मोठ्यांदा हसले मी. म्हणजे खेळही आपणच मांडायचा, लबाडीही आपणच करायची, आणि मग जो निकाल लागेल तो देवाचा म्हणून हात जोडायचे! पोटातलं पोर जणू केकमधून काय निघतंय ते बघून मग ठरवणार होतं. मला तर सासूबाईंचं कौतुकच वाटलं. इतक्या सरळ चेहऱ्याने स्वतःला फसवायला जमणं काही सोपं नाही.

‘हसू नका ताई,’ केकवाली म्हणाली. ‘दुसरं पण एक हाय. तुमची पोर रोज मला एकच विचारती. मावशी, बर्फी निघाली तर आजी परत आमटी बघायला जाईल का? मी म्हटलं, नाय गं, कशाला जाईल. तर म्हणती, मी होते तेव्हा गेली होती.’

माझं हसू तिथेच संपलं. मागे नळाचा आवाज येत होता. माझी मुलगी हात धूत होती आणि शाळेतली कुठलीतरी कविता म्हणत होती. आम्ही सगळ्यांनी मिळून जो विनोद तिच्या तोंडून वदवून घेत होतो, तो तिला कळत होता. कधीपासून कळत होता कोण जाणे. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की माझं नेहमी जे होतं तेच झालं, मला राग आला.

‘दोन्हीत बर्फी घाला,’ मी म्हणाले.

‘अहो ताई...’

‘दोन्हीत बर्फी. त्यांना काही सांगू नका. बघू दे त्यांना.’

तिने क्रीमचे हात पुसले आणि म्हणाली, ‘मी काय म्हणते, दोन्ही एकत्रच घालते. खाली पेढा कुस्करून, वर बर्फी. कुठला पण कापा, दोन्ही निघंल. चवीला पण चांगलं लागंल.’

‘तुम्हाला प्रत्येक गोष्टीत काहीतरी कालवल्याशिवाय चैनच पडत नाही का हो?’ मी जवळजवळ ओरडले. ‘एकदा तरी सांगितलंय तसं करा. बर्फी म्हणजे बर्फी!’

‘पोरीसाठी करताय ना?’

‘मग कोणासाठी?’

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, हिला काय कळतंय. फुलं विकणाऱ्यांच्या घरातली, हिला वाटतं सगळं जग एका हारात ओवता येतं.

त्या रात्री झोपवताना मी मुलीला कानात सांगितलं, ‘गंमत सांगू? परवा बर्फीच निघणार आहे.’

‘तुला कसं माहीत?’

‘आईला माहीत असतं. आणि मला बर्फीच हवी आहे.’

‘खरंच?’

‘खरंच.’

‘मग बर्फी निघाली की तू हसशील?’

‘मोठ्ठं हसेन. बघच तू.’

‘मी अगदी पुढे बसेन,’ ती म्हणाली आणि माझ्या पोटावर हात ठेवून झोपली.

आमच्या तीन खोल्यांत त्या दिवशी तीस-पस्तीस बायका कोंबल्या होत्या. भिंतीवर चमचमते पडदे, त्यापुढे पुठ्ठ्याची चंद्रकोर लावलेली खुर्ची, त्या चंद्रकोरीत मला बसवलेलं. मोगऱ्याचे दागिने केकवालीच्या मळ्यातून आले होते. सुंदर होते, नाही कसं म्हणू? पण बाजूबंदाखाली खाज सुटली होती आणि खाजवलं की फोटो काढणारी शेजारीण ‘हलू नका, हलू नका’ म्हणून ओरडायची. कळवणच्या बायकांनी गाणी म्हटली, कॉलेजातल्या बायकांनी मोबाइल वर धरले. ओटी भरता भरता प्रत्येकजण माझ्या कानाशी येऊन ‘पेढाच हं’ म्हणत होती, जसं काही मी काउंटरवर उभी आहे आणि त्या ऑर्डर देताहेत. मी सगळ्यांना हसून मान डोलावत होते. मनातून मी इतकी खुशीत होते की काय सांगू. वर्गात एखादा प्रयोग आधी करून बघितलेला असावा आणि पोरांसमोर फक्त शेवटचा थेंब टाकायचा असावा, तशी.

केक आले. केकवालीने स्वतः आणले. पिस्ता रंगाचे, वर खऱ्या गुलाबाची एकेक पाकळी, दोन्ही सारखे. माझी मुलगी ठरल्याप्रमाणे अगदी पुढे, माझ्या गुडघ्याला टेकून बसली होती. सासूबाई माझ्या उजव्या हाताला उभ्या होत्या. त्यांनी देवाला हात जोडले. मला हसू आवरेना. मी डावीकडचा केक निवडला, सुरी घातली आणि तुकडा बाहेर काढला.

पांढरी बर्फी. वर चांदीचा वर्ख.

मी काय करायचं ते ठरलेलं होतं. आधी सासूबाईंचं तोंड बघायचं, मग मुलीकडे बघून मोठ्ठं हसायचं. बर्फी मीच घालायला लावली होती, दुसऱ्या केकमध्येही तीच आहे हे मला माहीत होतं, केकमधल्या खव्याचा आणि माझ्या पोटातल्या पोराचा काही संबंध नाही हे मी झोपेतसुद्धा सिद्ध करून दाखवू शकते. आणि तरी तो पांढरा तुकडा बघितला आणि माझ्या आत काहीतरी खाली बसलं. अरेरे, असं झालं मला. सरळ सांगते, अरेरेच झालं. फोटो काढणाऱ्या शेजारणीने त्याचा व्हिडिओ घेतलाय. माझा खालचा ओठ लोंबतो, डोळे तुकड्यावरच राहतात. पाच सेकंद असेल जेमतेम. पुरावा म्हणून तेवढा खूप झाला.

तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, ‘दुसरा काप! दुसरा!’

त्यांचं तोंड खरंच बघण्यासारखं झालं होतं. एकदा केककडे बघत होत्या, एकदा केकवालीकडे. पण बोलणार काय? दोन्हीत पेढा सांगितला होता, असं पस्तीस बायकांसमोर म्हणणार होत्या? मी दुसरा केक कापला. बर्फी.

‘अगं बाई, जुळ्या मुली!’ मागून कोणीतरी किंचाळलं आणि सगळं घर हसायला लागलं. कळवणच्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. आणि सासूबाईसुद्धा हसल्या! कपाळावर हात मारून म्हणाल्या, ‘घ्या! आता दोन पाळणे बांधा,’ आणि त्यांनी त्यातलाच तुकडा उचलून माझ्या तोंडात घातला. कुठे गेल्या नाहीत, उभ्या राहिल्या. त्या क्षणी मीही हसत होते, ठरवलं होतं तसंच, दात दिसतील इतकं. हसत हसत मी गुडघ्याकडे बघितलं. मुलगी तिथे नव्हती.

चंद्रकोरीतून उठायला मला दोन बायकांनी हात दिला. पॅसेजमध्ये नाही, बेडरूममध्ये नाही. स्वयंपाकघरात शिरले तर ती ओट्याजवळ पाटावर उभी होती. केकवाली तिच्या शेजारी होती. तिने गॅस बंद केला होता आणि एक हात मुलीच्या पाठीमागे धरला होता, पडू नये म्हणून. मुलगी दोन्ही हातांनी पळी धरून पातेल्यात ढवळत होती.

‘काय करतेस गं?’

‘आमटी बघतेय,’ ती म्हणाली.

केकवालीने काहीतरी बोलायला हवं होतं. सांगितलं होतं की नाही, असं तरी म्हणायला हवं होतं, म्हणजे मला तिच्यावर ओरडता आलं असतं.

‘चल ना बाहेर, सगळे हसताहेत बघ,’ मी म्हणाले.

‘तू नाही हसलीस.’

‘अगं, हसले की!’

‘नंतर हसलीस.’ ती ढवळतच होती. मग पळी थांबली. ‘आई, मी होते तेव्हापण तू तसंच तोंड केलं होतंस?’

बाहेर पाळण्याचं गाणं सुरू झालं होतं. इतकी वर्षं आमच्या घरी तो किस्सा सांगितला जातो आणि त्यात आजी स्वयंपाकघरात जाते. कळवणला त्या दिवशी सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं, म्हणून माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मलाही ते बरंच पडलं. मी आजवर जितक्या वेळा सासूबाईंना हसले तितक्या वेळा सुटले.

‘नाही गं,’ मी म्हणाले.

तिने माझ्या तोंडाकडे एकदा नीट बघून घेतलं आणि पळी परत आमटीत घातली.